पायांची वहिवाट

मराठींत 'वहिवाट' हा शब्द मोठा अर्थगर्भ आहे. कचेरींत तो हक्काचा वाचक असतो, घरांत तो चालीरीतीचा वाचक असतो, आणि दोन्ही ठिकाणीं त्याच्या पोटांत 'वाट' बसलेली आहे. ज्या वाटेनें लोक पिढ्यान्‌पिढ्या चालत आले त्या वाटेवर त्यांचा हक्क, हा न्याय कायदेपंडितांनीं ग्रंथांत लिहिण्यापूर्वीं पायांनींच लिहून ठेवला असला पाहिजे. या न्यायाचा इतिहास एखाद्या ठिकाणीं सलग पाहावयाचा असेल, तर तो इंग्लंडच्या वायव्येकडील सरोवरप्रांताच्या डोंगरांत पाहावा, असें आम्हांस वाटतें. हा प्रांत आमच्या वाचकांस वर्ड्‌स्वर्थ कवीमुळें परिचित आहे. त्याची पिवळ्या फुलांवरील कविता ज्यानें शाळेंत पाठ केली नाहीं असा इंग्रजी शिकलेला मनुष्य आमच्या पिढींत विरळा. परंतु ज्या डोंगरांच्या पायथ्याशीं तीं फुलें फुललीं, त्यांच्या माथ्यावरून धांवणाऱ्यांचा एक मार्ग जातो, आणि तो मार्ग म्हणजे इंग्लंडच्या सामाजिक इतिहासाचा एक उभा छेदच होय, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानांत आलेली नसते. त्या मार्गाची हकीकत सांगावी, आणि तिच्या अनुषंगानें वाटांच्या मालकीचा प्रश्न वाचकांपुढें ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम थोडा भूगोल. सरोवरप्रांत हें सुमारें ९१२ चौरस मैलांचें राष्ट्रीय उद्यान असून त्याची स्थापना १९५१ सालीं झाली. २०१७ सालीं युनेस्कोनें जागतिक वारशाच्या यादींत त्याचा समावेश केला. येथील स्कॉफेल पाइक हें इंग्लंडांतील सर्वांत उंच शिखर ३२०९ फूट भरतें. आमची कळसूबाई ५४०० फुटांची. तेव्हां नुसत्या आंकड्यांकडे पाहिलें तर हा प्रांत सह्याद्रीपुढें ठेंगणाच ठरावा. पण त्याच्या दऱ्या समुद्रसपाटीपासून फार उंच नाहींत, म्हणून चढ पायथ्यापासून पुरा मोजावा लागतो. आणि हवा अशी कीं जूनच्या दुपारींहि ढग माथ्यावर उतरला म्हणजे चार पावलांपलीकडचें दिसत नाहीं. बॉरोडेल दरींतील सीथवेट हें खेडें इंग्लंडांतील वस्तीच्या ठिकाणांत सर्वांत पावसाळी म्हणून प्रसिद्ध आहे. माथ्यावर झाड म्हणून नाहीं. गवत, दगड आणि दलदल. अशा उघड्या डोंगरास तेथील लोक 'फेल' म्हणतात. हा शब्द सुमारें हजार वर्षांपूर्वीं तेथें येऊन राहिलेल्या नॉर्वेकडील लोकांच्या भाषेंतला. या फेलांवरून धांवण्याच्या खेळास 'फेल रनिंग' असें नांव पडलें आहे.

आतां मार्ग. केझिक नांवाच्या लहानशा बाजारगांवांत भर चौकांत मूट हॉल ही जुनी सभागृहाची इमारत उभी आहे. तिच्या दारापासून निघावयाचें, सभोंवतालचीं बेचाळीस शिखरें पायांखालीं घालावयाचीं, आणि चोवीस तासांच्या आंत त्याच दारीं परत यावयाचें, असा हा क्रम आहे. अंतर सुमारें ६६ मैल. चढ सगळा मिळून सुमारें २७,००० फूट, म्हणजे समुद्रकांठापासून एव्हरेस्टच्या माथ्यापर्यंतच्या उंचीहून थोडाच कमी. हा पराक्रम प्रथम केला तो बॉब ग्रॅहम या गृहस्थानें, १९३२ च्या जून महिन्यांत. त्याचा जन्म १८८९ चा, म्हणजे चाळिशी उलटलेली. धंदा, केझिक येथें प्रवाशांसाठीं राहण्याजेवण्याचें घर चालविण्याचा. तो मद्य घेत नसे व मांस खात नसे. अंगांत झोंपेच्या पोषाखांतला सदरा, आंखूड विजार व पायांत टेनिसचे जोडे. शिदोरी म्हणजे लोणी लावलेला पाव, उकडलेलीं अंडीं, फळें आणि कांहीं गोड पदार्थ. एवढ्या सामग्रीवर त्यानें २३ तास ३९ मिनिटांत फेरी पुरी केली. यावरून हें काम त्यानें सहज गंमत म्हणून केलें असें मात्र कोणी समजूं नये. तो हे डोंगर वर्षानुवर्षें फिरलेला होता, आणि जोडे झिजूं नयेत म्हणून तयारीच्या फेऱ्या अनवाणी करीत असे. अनवाणी चालण्याचें आमच्याकडे कोणास नवल वाटणार नाहीं. तेथल्या ओल्या गारठ्यांत तें नवलच होतें.

ग्रॅहमच्या पूर्वींहि अशा फेऱ्या झालेल्या होत्या. १८६४ सालीं एलियट नांवाच्या एका धर्मोपदेशकानें वॉसडेल दरीभोंवतालचीं नऊ शिखरें साडेआठ तासांत केल्याची नोंद आहे. १९०५ सालीं केझिकचा डॉक्टर आर्थर वेकफील्ड यानें चोवीस तासांच्या फेरीचा उच्चांक केला. हाच वेकफील्ड पुढें १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेंत होता. १९२० सालीं मँचेस्टरचा यंत्रशास्त्रज्ञ यूस्टेस टॉमस यानें त्याच्याहि पुढें मजल मारली. हे सर्व फुरसतीचे व शिकलेले लोक. पण त्याच डोंगरांत धांवण्याची दुसरीहि एक परंपरा होती, आणि ती या मंडळींपेक्षां जुनी होती. ग्रास्मिअर गांवीं ऑगस्टांत भरणाऱ्या खेळांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 'वाटाड्यांची शर्यत' होत असे. धनगर, खाणकामगार व वाटाडे समोरच्या डोंगराच्या माथ्यावर पळत जात व तसेच उड्या घेत खालीं येत. जिंकणाऱ्यास रोख बक्षीस मिळे. पण रोख रक्कम घेतली म्हणजे तो 'धंदेवाईक' ठरे, आणि सभ्य हौशी मंडळींच्या शर्यतींत त्यास मज्जाव होई. ज्याचा डोंगर, ज्याची वाट, ज्याचे पाय, तोच वर्गाच्या दारांत परका! हा भेद पुढें विसाव्या शतकांतहि पुष्कळ काळ टिकला. ग्रॅहमची फेरी या दोन परंपरांच्या मध्यें पडते. तींत रोख बक्षीस नव्हतें, आणि ती करणारा फुरसतीचा धनिकहि नव्हता.

या फेरीचा मार्ग ज्या क्रमानें जातो त्या क्रमानें आपणहि जाऊं. मूट हॉलपासून निघालेला धांवक गांवाबाहेर पडून स्पूनी ग्रीन नांवाच्या गल्लीनें लॅट्रिग टेंकडीच्या कुशींतून स्किडॉ शिखराकडे चढूं लागतो. हा पहिलाच मैल इतिहासाचा आहे. १८८५ च्या सुमारास लॅट्रिगच्या मालकानें या वाटा अडविल्या. गांवकऱ्यांचें म्हणणें, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या टेंकडीवर जात आलों. मालकाचें म्हणणें, तुम्ही जात होतां तें आमच्या मेहेरबानीनें. हा वाद आमच्या खेड्यांतल्या कोणत्याहि बांधाच्या भांडणाइतकाच ओळखीचा आहे. केझिकच्या लोकांनीं पायवाटांच्या रक्षणासाठीं मंडळी स्थापली. तिचा अध्यक्ष क्रॉसथ्वेटचा धर्मोपदेशक रॉन्सली, आणि चिटणीस जेंकिन्सन नांवाचा प्रवासमार्गदर्शिका लिहिणारा गृहस्थ. १ ऑक्टोबर १८८७ रोजीं सुमारें दोन हजार माणसें अडथळे दूर सारून लॅट्रिगच्या माथ्यावर गेलीं. जहाजांवर बेसुमार माल भरून खलाशांचे जीव घेण्याची चाल ज्यानें पार्लमेंटांत लढून बंद पाडली, तो सॅम्युअल प्लिम्सॉलहि त्यांत होता. प्रकरण कार्लाइलच्या न्यायालयांत गेलें, आणि १८८८ सालीं तडजोड होऊन माथ्याकडची वाट लोकांस मोकळी राहिली. आज मध्यरात्रीं दिवा कपाळाला बांधून त्या गल्लींतून वर पळणाऱ्या तरुणास आपण कोणाच्या हक्कावर पाय ठेवीत आहों याची आठवण असतेच असें नाहीं. पण त्या दोन हजारांनीं ती वाट राखली नसती तर त्याला पहिलें शिखर दुसरीकडूनच शोधावें लागलें असतें.

स्किडॉ, ग्रेट काल्व्हा व ब्लेनकॅथ्रा हीं तीन शिखरें करून धांवक थ्रेलकेल्ड गांवीं उतरतो आणि समोरच्या हेल्व्हेलिनच्या लांबलचक धारेवर चढतो. या धारेवर बारा शिखरें आहेत. तिच्या पश्चिमेस खालीं थर्लमिअरचें पाणी दिसतें. दिसावयास तें सरोवर आहे. वस्तुतः तो मँचेस्टर शहराचा तलाव आहे. १८७९ सालीं पार्लमेंटनें मँचेस्टरच्या नगरसभेस हें सरोवर बांध घालून वाढविण्याची परवानगी दिली. रस्किनसारख्यांनीं कडाडून विरोध केला. परंतु सुमारें ९६ मैलांच्या नळकालव्यांतून, केवळ उताराच्या जोरावर, १८९४ सालीं येथलें पाणी मँचेस्टरास पोंचलें. या वादांत दोष कोणास द्यावा हें ठरविणें सोपें नाहीं. सृष्टिसौंदर्याचे भक्त रडत होते हें खरें. पण गिरणगांवच्या कोंदट चाळींत स्वच्छ पाण्यावांचून जीं मुलें मरत होतीं, त्यांच्या आयांस सरोवराच्या कांठचें काव्य ऐकवून काय उपयोग होता? मात्र या पराभवांतून एक धडा निघाला. जमीन ज्याच्या नांवावर आहे त्याचाच शब्द शेवटचा असेल, तर सौंदर्य राखावयाचें म्हणजे जमीनच विकत घेतली पाहिजे. रॉन्सली, गरिबांच्या घरांसाठीं आयुष्य वेंचणारी ऑक्टेव्हिया हिल व वकील रॉबर्ट हंटर या तिघांनीं १८९५ सालीं 'नॅशनल ट्रस्ट' ही संस्था काढली. लोकांकडून पैसा जमवावयाचा, जमीन घ्यावयाची आणि ती लोकांसाठीं कायमची राखावयाची, असा तिचा सरळ हेतु. १९०२ सालीं केझिकजवळील डर्वेंट सरोवराच्या कांठचें ब्रँडेलहाउ हें रान तिनें अशाच लोकवर्गणींतून घेतलें.

डनमेल रेझ या खिंडींत रस्ता ओलांडून धांवक तिसऱ्या टप्प्यावर लागतो. हा टप्पा सर्वांत लांब, त्यांत पंधरा शिखरें. येथें तो इतिहासाच्याहि मागें जातो. पाइक ओ' स्टिकल या सुळक्याच्या उतारावर नवाश्मयुगांतील माणसांनीं हिरवट कठीण दगड फोडून कुऱ्हाडी घडविण्याचे कारखानेच थाटले होते. या गोष्टीस सहा हजार वर्षें होत आलीं. तेथल्या कुऱ्हाडी ब्रिटनच्या दूरदूरच्या भागांत सांपडल्या आहेत. म्हणजे या कड्यांवर पहिली पायवाट पडली ती हौसेनें नव्हे, धंद्यानें. पुढें स्कॉफेल पाइक व स्कॉफेल या दोन शिखरांच्या मध्यें ब्रॉड स्टँड नांवाचा कातळाचा टप्पा आहे. धांवक येथें अडतो. कोणी दोर लावून चढतो, कोणी वळसा घेतो. याच टप्प्यावरून १८०२ च्या ऑगस्टांत कोलरिज कवि एकटा खालीं उतरला. नऊ दिवसांच्या भ्रमंतीस तो घरून निघाला होता. स्कॉफेलच्या माथ्यावर बसून त्यानें पत्र लिहिलें, आणि मग समोर दिसेल त्या वाटेनें उतरूं लागला. एका कंगोऱ्यावरून दुसऱ्यावर उडी टाकतां टाकतां परत वर जाणें अशक्य झालें, आणि पुढें काय आहे तें दिसेना. तो वांचला, आणि त्यानें तें सर्व लिहून ठेवलें. केवळ चढण्या-उतरण्याच्या आनंदासाठीं धोका पत्करावा, ही कल्पना इंग्रजी मनांत मुरण्यास हीं कविमंडळी पुष्कळ अंशीं कारण झालीं. वर्ड्‌स्वर्थ आयुष्यांत पावणेदोन लक्ष मैल चालला असावा, असा अंदाज डी क्विन्सी यानें केला आहे. शिवाय या प्रांताची सविस्तर मार्गदर्शिका वर्ड्‌स्वर्थनें लिहिली, ती १८१० सालीं प्रथम छापली गेली; आणि हा प्रांत म्हणजे ज्याला पाहणारा डोळा व रमणारें मन आहे अशा प्रत्येकाची एक प्रकारची राष्ट्रीय मालमत्ता आहे, हा विचार त्या पुस्तकाच्या पुढल्या आवृत्तींत त्यानें मांडला. पुढें शंभरांवर वर्षांनीं जो कायदा झाला त्याचें बीज कवीच्या त्या वाक्यांत होतें असें म्हणावयास हरकत नाहीं. पण त्याच कवीनें म्हातारपणीं, १८४४ सालीं, आगगाडी विंडरमिअरपर्यंत आणण्यास विरोध केला. कारण गाडी आली म्हणजे गिरण्यांतील मजुरांचे थवे येतील! मालमत्ता राष्ट्राची, पण राष्ट्र म्हणजे कोण, हा प्रश्न तेथेंहि सुटलेला नव्हता.

वॉसडेल हेड येथें चौथा टप्पा सुरू होतो. येथून बर्नमूरवरून एस्कडेलकडे जाणारी एक जुनी वाट आहे, तिला 'प्रेतवाट' म्हणतात. वॉसडेलास पूर्वीं दफनाचा अधिकार नसल्यामुळें मेलेल्या माणसास घोड्यावर बांधून डोंगर ओलांडून न्यावें लागे. याच दरींतून स्टाय हेडच्या खिंडींतून ओझ्याचे घोडे बॉरोडेलास जात. पुढें धांवक पिलर, कर्क फेल करीत ग्रेट गेबलच्या माथ्यावर येतो. तेथें कातळावर कांशाचा एक पत्रा बसविलेला आहे. पहिल्या महायुद्धांत मेलेल्या आपल्या सभासदांच्या स्मरणार्थ तेथील गिर्यारोहकांच्या मंडळानें १९२३ सालीं ग्रेट गेबल व आसपासचे डोंगर, सुमारें तीन हजार एकर, विकत घेऊन नॅशनल ट्रस्टला दिले. आणि १९२४ च्या जूनांत हा लेख बसविला. स्कॉफेल पाइकचा माथा त्यापूर्वींच लॉर्ड लेकनफील्ड यानें त्या प्रांतांतील मृत सैनिकांच्या स्मरणार्थ दान केला होता. दगडी पुतळा उभारण्याऐवजीं एक डोंगर मोकळा करून द्यावा, या कल्पनेइतकें सुंदर स्मारक आम्हांस क्वचित् दुसरें आढळलें आहे.

शेवटीं होनिस्टर खिंड. येथें पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणी आहेत, आणि येथून वॉसडेलाकडे जाणाऱ्या एका आडवाटेस 'मोझेसची वाट' म्हणतात. मोझेस नांवाचा एक खाणकामगार दगडाच्या ओझ्याखालीं चोरटी व्हिस्की नेत असे, अशी दंतकथा आहे. कथा खरी असो वा नसो, वाट मात्र मोठी हुशारीची आहे. चढउतार टाळून ती डोंगराच्या अंगाअंगानें जाते, आणि आजचे धांवक तिचें कौतुक करतात. होनिस्टरहून तीन शिखरें उरतात. मग न्यूलँड्‌सच्या दरींतून केझिकचा रस्ता.

याप्रमाणें एका दिवसाच्या फेरींत दगडी कुऱ्हाडीपासून महायुद्धापर्यंतचा काळ पायांखालून जातो. परंतु या फेरीच्या जन्मवर्षाकडे आम्ही वाचकांचें विशेष लक्ष वेधूं इच्छितों. १९३२ च्या २४ एप्रिलला, म्हणजे ग्रॅहमच्या फेरीपूर्वीं सुमारें सात आठवडे, सरोवरप्रांताच्या दक्षिणेस पीक डिस्ट्रिक्ट भागांत किंडर स्काउट या पठारावर सुमारें चारशें तरुण स्त्रीपुरुष मालकांची मनाई मोडून चढले. ते बहुतेक मँचेस्टर-बाजूचे कामगार. पठार जमीनदारांनीं रानपक्ष्यांच्या शिकारीसाठीं राखलेलें. वर्षांतले थोडे दिवस बंदुका वाजाव्यात म्हणून बाकीचे सर्व दिवस माणसांस बंदी. राखणदारांशीं झटापट झाली, आणि पांच जणांस दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन अवघा वीस वर्षांचा होता. ज्या शहरानें थर्लमिअरचें पाणी नेलें त्याच शहराचीं मुलें आतां डोंगराची हवा मागत होतीं. आणि त्याच वर्षीं पार्लमेंटनें वाटांच्या हक्काचा कायदा केला. तो १९३४ च्या आरंभीं अंमलांत आला. त्याचा गाभा असा, कीं एखाद्या वाटेनें लोक वीस वर्षें अखंड, उघडपणें व हक्कानें जात आले असतील, आणि मालकानें तसा हेतु नव्हता असें दाखविलें नसेल, तर ती वाट सार्वजनिक समजावी. ही म्हणजे आमची वहिवाटच! लॅट्रिगवर लोकांनीं जें पायांनीं सांगितलें तें पंचेचाळीस वर्षांनीं कायद्याच्या पुस्तकांत आलें.

त्यापुढचा क्रम थोडक्यांत असा. डोंगरांवर जाण्याच्या मोकळिकीचा पहिला मसुदा जेम्स ब्राइस यानें १८८४ सालीं पार्लमेंटांत आणला होता, तो पडला. १९४९ सालीं राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, त्यानुसार १९५१ मध्यें प्रथम पीक डिस्ट्रिक्ट व मागोमाग सरोवरप्रांत हीं उद्यानें जाहीर झालीं. आणि उघड्या डोंगरावर वाट सोडूनहि पायीं फिरण्याचा सर्वसाधारण हक्क मिळावयास २००० सालचा कायदा यावा लागला. ब्राइसपासून मोजलें तर ११६ वर्षें! धांवणाऱ्यास या कायद्याचें महत्त्व चालणाऱ्याहून अधिक आहे, कारण त्याची रेषा शिखरापासून शिखरापर्यंत सरळ जाते. ती नेहमींच पायवाटेवरून जात नाहीं.

ग्रॅहमची फेरी पुढें अठ्ठावीस वर्षें कोणास जमली नाहीं, इतकी कीं ती खरोखर झाली कीं नाहीं अशी शंका लोक घेऊं लागले. १९६० सालीं लँकेशायरचा ॲलन हीटन यानें ती पुरी करून शंका मिटविली. ग्रॅहम तेव्हां हयात होता. तो १९६६ मध्यें वारला. १९७१ सालीं ही फेरी करणाऱ्यांचें एक मंडळ निघालें. १९७७ सालीं जीन डोचार्ड ही चोवीस तासांच्या आंत फेरी पुरी करणारी पहिली स्त्री ठरली. मंडळाचे सभासद आतां दोन हजारांवर गेले आहेत. त्याचे नियम आम्हांस फार शिकण्यासारखे वाटतात. मार्गावर खुणेचें निशाण नाहीं, बाण नाहीं, पैशाचें बक्षीस नाहीं. वाट ज्याची त्यानें शिकून घ्यावयाची. पण प्रत्येक शिखरावर धांवकाबरोबर दुसरें कोणी तरी साक्षीस असलें पाहिजे. त्यामुळें एकट्याचा वाटणारा हा पराक्रम वस्तुतः शेजाऱ्यांच्या मदतीवर चालतो. आज जो धांवला तो उद्यां दुसऱ्याबरोबर मध्यरात्रीं पावसांत पाण्याची बाटली घेऊन चढतो.

या मालिकेंतील सर्वांत थोर नांव जॉस नेलर याचें. वॉसडेलचा हा मेंढपाळ १९३६ सालीं जन्मला आणि २०२४ च्या जूनांत वारला. तरुणपणीं पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झालेला हा मनुष्य दिवसभर मेंढरांमागें राबून मग डोंगर धांवत असे. १९७५ सालीं त्यानें चोवीस तासांच्या आंत बेचाळीस नव्हे, बाहात्तर शिखरें केलीं. १९८६ सालीं, पन्नाशीच्या वर्षांत, वेनराइट यानें आपल्या सात मार्गदर्शिकांत वर्णिलेलीं सर्व २१४ शिखरें त्यानें सात दिवस व थोड्याशा अवधींत पुरीं केलीं. बॉरोडेलचा बिली ब्लँड यानें १९८२ सालीं ग्रॅहमची फेरी १३ तास ५३ मिनिटांत केली. हा उच्चांक छत्तीस वर्षें टिकला. २०१८ सालीं स्पेनच्या किलियन जॉर्नेट यानें तो मोडला तेव्हां वृद्ध ब्लँड स्वतः मूट हॉलपाशीं त्याच्या स्वागतास उभा होता. २०२२ सालीं तोहि उच्चांक मागें पडला. उच्चांक मोडण्यासाठींच असतात. स्वागतास उभें राहण्याची रीत मात्र टिकली पाहिजे.

आतां प्रश्नाची दुसरी बाजू. वाट चालण्यानें जगते हें खरें, पण चालण्यानेंच ती मरतेहि. हजारों पावलांनीं गवत निघतें, पाऊस उघडी माती वाहून नेतो, आणि दोन फूट रुंदीची पायवाट डोंगराच्या अंगावर जखमेसारखी रुंदावत जाते. सरोवरप्रांतांत यासाठीं दुरुस्तीचें काम अखंड चालू आहे. स्वयंसेवक जुन्या घोडेवाटांच्या पद्धतीनें दगड उभे बसवून पायऱ्या घालतात. दुसरी गोष्ट मेंढरांची. येथील हर्डविक जातीचीं मेंढरें कुंपणावांचून आपापल्या रानांत राहतात. आपली हद्द कोकरास त्याची आई शिकविते, माणूस नव्हे. २००१ सालीं गुरांत लाळरोगाची सांथ पसरली. डोंगर माणसांस बंद झाले, आणि कित्येक कळप मारून टाकावे लागले. कळप गेला म्हणजे त्याबरोबर ती पिढीजात हद्दीची ओळखहि जाते. बाजारांतून नवीं मेंढरें आणतां येतात, ती ओळख आणतां येत नाहीं. ज्यांनीं हक्कासाठीं अडथळे मोडले त्यांचेच वारस त्या वर्षीं बंद वाटांपुढें मुकाट्यानें थांबले. आम्हांस या दोन गोष्टींत विरोध दिसत नाहीं. वाटेवर ज्याचा हक्क, वाटेच्या दोन्ही अंगांस जो राहतो त्याची चिंताहि त्याच्याकडेच आली पाहिजे. मालकाच्या मेहेरबानीनें चालणाऱ्यावर हें ओझें नव्हतें. हक्कानें चालणाऱ्यावर तें आहे.

आमच्या सह्याद्रींतहि अलीकडे सिंहगड, राजगड, तोरणा या गडांच्या वाटांवर धांवण्याच्या शर्यती होऊं लागल्या आहेत, आणि पहांटेस डोंगर गांठणाऱ्या तरुणांची संख्या वाढत आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. आमच्या घाटवाटाहि व्यापाऱ्यांच्या बैलांनीं, गवळ्यांनीं, जासुदांनीं, वारकऱ्यांनीं आणि मावळ्यांनीं पाडलेल्या आहेत. त्यांतल्या किती तरी मोटारीचे रस्ते झाल्यापासून गवताखालीं जात आहेत. एखाद्या वाटेचा वापर तुटला म्हणजे प्रथम तिची खूण जाते, मग तिचें नांव जातें, आणि शेवटीं ती होती हें सांगणारा म्हातारा जातो. त्यानंतर तिच्यावर कोणी कुंपण घातलें तर हरकत घ्यावयास कोण उरणार? म्हणून आमच्या तरुणांस आमचें एवढेंच सांगणें आहे, कीं ज्या वाटेनें आपण धांवतों ती कोणीं पाडली, तिला गांवांत काय म्हणतात, आणि तिच्या कांठीं आज कोण राहतें, हें उतरल्यावर गांवांतल्या एखाद्या जुन्या माणसास अवश्य विचारावें. किती मिनिटांत गड केला हें दुसऱ्या दिवशीं विसरलें तरी चालेल. वाटेचें नांव लक्षांत राहिलें, तर वहिवाट चालू राहिली असें समजावें.